शेडिंजाला सहात जागा द्यावी का? (पोकेमॉन, सिंगल्स)

चिंचगुळ
मंडळी, शोडाउनवर (पोकेमॉनच्या लढाया खेळायची साइट) आठव्या पिढीचे, म्हणजे तलवार-ढाल गेमच्या नियमांचे, सिंगल्स (एकास एक) खेळतोय आणि टीममध्ये शेडिंजा घातला की समोरचा चॅटमध्ये हसतो, आपल्याच ग्रुपमधले लोक पण हसतात. माझं म्हणणं असं की हसायचं काही कारण नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एचपी (जीव) फक्त १, लेव्हल १०० ला पण १ च. पण त्याची अ‍ॅबिलिटी वंडर गार्ड, म्हणजे सुपर इफेक्टिव्ह (त्याच्या टाइपच्या कमजोरीवर बसणारा) असेल तोच हल्ला लागणार, बाकी सगळं शून्य. टाइप बग-घोस्ट, त्यामुळे फायर, फ्लाइंग, रॉक, घोस्ट आणि डार्क एवढ्या पाचच टाइप्सनी तो मरतो. एकूण १८ टाइप, त्यातले १३ त्याच्यासमोर फुकट! असा दुसरा कोण आहे सांगा.
प्रश्न दोन. एक, सहापैकी एक जागा त्याला देणं परवडतं का. दोन, हातात आयटम कोणता द्यायचा, हेवी ड्यूटी बूट्स, फोकस सॅश की सेफ्टी गॉगल्स? मी सध्या बूट्स देतोय पण खात्री नाही.

बिनपगारी
पाचच टाइप म्हणतोस पण ते पाच कुठले ते बघ की. डार्क म्हणजे नॉक ऑफ (हातातला आयटम पाडणारी मूव्ह), आणि नॉक ऑफ आजकाल कोणाकडे नसतो? लँडोरसकडे, वीव्हाइलकडे, काल्पनिक काही नाही, रोजच्या लॅडरवर (रँकिंगच्या मॅचेसमध्ये). टॉक्सापेक्ससुद्धा नॉक ऑफ ठेवतो. तुझे बूट काढायला येतात आणि बुटांसकट माणूस घेऊन जातात.

सातवीतला_ढ
बुटांसकट माणूस!! फुटलो

तांबडी_माती
बिनपगारींना +१. आणि टाइपचं गणित हा मुद्दाच अर्धवट आहे. वंडर गार्ड फक्त डॅमेज देणाऱ्या मूव्ह अडवतो. टॉक्सिक (विष), विल-ओ-विस्प (बर्न), लीच सीड (दर टर्नला एचपी शोषणारी) या मूव्ह अडवत नाही. कन्फ्यूज झाला आणि स्वतःलाच मारून घेतलं तर संपला. सँडस्टॉर्म, गारा, टर्नच्या शेवटी संपला. स्टेल्थ रॉक, स्पाइक्स (जमिनीवर आधीच टाकून ठेवलेले सापळे), आत येता येताच संपला. समोरच्याच्या हातात रॉकी हेल्मेट (अंगाला लागून मारणाऱ्याला इजा करणारं) असेल आणि आपण शॅडो स्नीक मारला तर आपणच मेलो, गारचॉम्पचा रफ स्किन आणि फेरोथॉर्नचे काटे यांचंही तेच. आपल्याच हातात लाइफ ऑर्ब (हल्ल्यागणिक आपलाच एचपी खाणारा आयटम) दिला तर पहिल्या हल्ल्यात आत्महत्या. ही यादी मी चहा पिता पिता केली, आणखी निघेल.

पेन्सिल
आणखी निघते ना. मोल्ड ब्रेकरवाला एक्स्काड्रिल आला की वंडर गार्ड आहे की नाही हेच बघत नाही, साधा अर्थक्वेक पण लागतो. नेक्रोझ्माचा सनस्टील स्ट्राइक तसाच, लुनालाचा मूनगाइस्ट बीम तसाच.

चिंचगुळ
तांबडीदादा यादी मान्य, पण ही यादी प्रत्येक टीममध्ये प्रत्येक पोकेमॉनवर लिहिलेली नसते ना. समोरच्या सहांपैकी दोघा-तिघांकडेच उत्तर असतं. ते दोघे-तिघे आधी काढायचे आणि मग शेडिंजा बाहेर. शेवटी समोर रिलाबूम वूड हॅमर घेऊन बसला आणि नॉक ऑफ ठेवलेला नसला की काय करणार तो? बसून राहील.

तांबडी_माती
ते दोघे-तिघे काढेपर्यंत तू पाच जणांत खेळतोयस आणि तो सहा जणांत. ते कोण मोजणार? आणि पाच जणांत तिघे काढता येत असतील तर सहावा कोणीही ठेव, जिंकशीलच.

कटिंग_चहा
मी याच्याशी थोडा असहमत. सहावा रिकामा नसतो, तो टीम प्रिव्ह्यूमध्ये दिसतो आणि तिथेच काम सुरू करतो. २०१० च्या ब्लॅक-व्हाइटपासून लढाईआधी दोघांना एकमेकांचे सहाही दिसतात. त्यात शेडिंजा दिसला की समोरचा विचारात पडतो, याला मारणारा माझ्याकडे कोण? समजा त्याच्याकडे एकटा टायरानिटार आहे. मग तो टायरानिटार जपतो, पुढे टाकत नाही, ज्या टर्नला बळी द्यायला हवा होता त्या टर्नला दुसरंच कोणी देतो. अशा टर्न फुकट मिळतात. मी कित्येक मॅचेस शेडिंजा एकदाही बाहेर न काढता जिंकल्यात.
उलट तिसऱ्या-चौथ्या पिढीत प्रिव्ह्यू नव्हता, तेव्हा तो अचानक यायचा, तेव्हा त्याचा उपयोग वेगळा. लोक दोन्ही काळ मिसळून बोलतात म्हणून वाद होतो.

बिनपगारी
बाहेर न काढता जिंकलास तर त्याच्या नावावर विजय कसा लिहितोस रे. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू पण मग मॅन ऑफ द मॅच :)

आजोळ
माफ करा, मध्येच विचारते. माझा मुलगा सहावीत आहे, हेच नाव घेऊन दिवसभर बोलत असतो म्हणून धागा उघडला. हा नेमका प्राणी कुठला? त्याने काढलेल्या चित्रात तपकिरी काहीतरी तरंगतंय आणि डोक्यावर कडं आहे.

कटिंग_चहा
ताई, तो किड्याची कात आहे. निंकाडा नावाचा जमिनीतला किडा, तो लेव्हल २० ला निंजास्क होऊन उडून जातो (जुनमध्ये झाडावर किर्र करणारा असतो ना तसा), आणि मागे जी कात राहते तीच जिवंत होते, तो शेडिंजा. खेळणाऱ्याच्या पार्टीत एक जागा मोकळी असेल तरच तो मिळतो, चौथ्या पिढीपासून बॅगेत एक पोके बॉल पण शिल्लक लागतो. मुलाला विचारा जागा मोकळी ठेवली होती का. नसेल ठेवली तर निंजास्क मिळेल पण कात नाही, आणि घरात रडारड होईल.

आजोळ
रडारड झालेली आहे. आता कारण कळलं. धन्यवाद.

सातवीतला_ढ
ताई, त्याला हे पण सांगा की शेडिंजाच्या पाठीवरच्या फटीतून आत बघितलं की आत्मा चोरला जातो असं पोकेडेक्समध्ये लिहिलंय. आणि लढाईत आपल्याला आपला पोकेमॉन पाठीमागूनच दिसतो. मग विचार करा.

निशाचर
हे वाचून रात्री झोप येणार नाही

झणझणीत
जुना खेळाडू बोलतो आता. एमराल्डमध्ये चॅम्पियन वॉलेसला शेडिंजाने हरवायची टूम होती आमच्याकडे. त्याची सगळी पाण्याची पलटण, वेलॉर्ड, व्हिसकॅश, गायराडोस, हे शेडिंजाला बोट लावू शकत नाहीत. पण टेंटाक्रूल आणि मायलॉटिककडे टॉक्सिक आणि लुडिकोलोकडे लीच सीड. म्हणजे तिघांपाशी घोडं पेंड खातं. कम्प्युटर कधी टॉक्सिक टाकेल याचा नेम नसायचा, तीच मजा.
आणि एक ट्रिक होती. तेव्हा निंकाडाला २० ला इव्हॉल्व न करता बी दाबून थांबवायचं आणि २५ ला करायचं, निंजास्क त्याच लेव्हलला स्वोर्ड्स डान्स शिकायचा आणि ती मूव्ह शेडिंजाकडे पण यायची.

पेन्सिल
झणझणीतराव, ती ट्रिक भारी होती. पण तिसऱ्या पिढीत स्पर्धेत मात्र अवघड, कारण टायरानिटारचा सँडस्टॉर्म तेव्हा संपायचाच नाही, अ‍ॅबिलिटीने आलेलं हवामान कोणी बदलेपर्यंत कायम. सहाव्या पिढीपासून ते पाच टर्नवर आलं. आणि चौथ्या पिढीत, २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये, स्टेल्थ रॉक आला. म्हणजे बिचाऱ्यावर एक संकट कमी व्हायच्या आधी दुसरं येऊन बसलं.

चिंचगुळ
म्हणूनच तर बूट्स! २०१९ ला तलवार-ढालमध्ये हेवी ड्यूटी बूट्स आले तेव्हा शेडिंजाचा पुनर्जन्म झाला असं मी म्हणेन. स्टेल्थ रॉक, स्पाइक्स, टॉक्सिक स्पाइक्स काहीच लागत नाही.

तांबडी_माती
बूट्स दिले तर वाळूचं काय? गॉगल्स दिले तर वाळू-गारा-पावडरपासून वाचतो, मग रॉकचं काय? सॅश दिला तर एक सुपर इफेक्टिव्ह फटका झेलतो, एचपी एकच असला तरी तो फुल्ल एचपीच असतो म्हणून सॅश चालतो, पण जमिनीवर रॉक असतील तर आत येतानाच सॅश वापरला जात नाही, सरळ मरतो. तीन रोग आणि औषध एकच घेता येतं.
शेडिंजा म्हणजे लग्नातला रुसलेला जावई आहे. अख्ख्या घराने त्याच्यामागे धावायचं, आणि तो काय करणार तर जेवायला बसणार.

निशाचर
जावई 😂😂 हे मी स्टेटसला ठेवतोय

हळदीचं_दूध
वाद छान चाललाय पण तुम्ही सगळे ओव्हरयूज्ड टियरबद्दल (शोडाउनचा नेहमीचा गट) बोलताय, तिथे तो खरंच कठीण. मी उबर्स (सगळ्यात ताकदवानांचा गट) खेळते, तिथलं चित्र वेगळं आहे आणि ते का वेगळं ते सांगते.
उबर्समध्ये मोठमोठे लेजेंडरी, पण त्यांच्या मूव्ह अगदी ठरलेल्या. कायोगर घ्या. पाऊस पाडतो, पाण्याच्या मूव्ह, सोबत थंडर आणि आइस बीम. यातली एकही शेडिंजाला लागत नाही. कायोगरच्या हातात चॉइस स्पेक्स असेल तर तो पाण्याच्याच मूव्हवर अडकलेला असतो, शेडिंजा आत आला की त्याला बाहेर जावंच लागतं. कायोगरसमोर टीममधलं कोण उभं राहतं सांगा? चांगले चांगले दोन फटक्यांत आडवे होतात. हा मात्र १ एचपी घेऊन उभा.
झर्नियास घ्या. जिओमॅन्सी केली की स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड एकाच वेळी दुप्पट, त्यानंतर बहुतेक टीम संपते. पण मूनब्लास्ट, थंडर, फोकस ब्लास्ट, एकही लागत नाही. सहाव्या-सातव्या पिढीत हिडन पॉवर फायर ठेवून लोक शेडिंजाला गाठायचे, आठव्या पिढीत हिडन पॉवरच गेली. झाशियानकडे क्रंच नसला तर तोही हात चोळत बसतो.
म्हणजे समोरचा जितका भारी आणि जितका एकसुरी तितका शेडिंजा कामाचा. मला तरी त्याची जागा तिथेच दिसते, ओव्हरयूज्डमध्ये नाही.

बिनपगारी
आणि यव्हेल्टल? हो-ओह? कॅलिरेक्सची घोड्यावरची काळी आवृत्ती? घोस्ट, डार्क, फ्लाइंग, फायर सगळेच आहेत की तिथे.

हळदीचं_दूध
आहेतच. म्हणून मी म्हटलं नाही की तो प्रत्येक टीममध्ये घाला. मी म्हटलं की ज्या टीमला कायोगर आणि झर्नियास दोघांचं उत्तर एकाच जागेत हवंय तिला तो स्वस्तात पडतो. यव्हेल्टलचं उत्तर बाकीच्या पाचांनी द्यायचं. प्रत्येक पोकेमॉनने सगळ्यांना उत्तर द्यायचं असतं तर टीम सहाची कशाला असती.

कटिंग_चहा
हळदताईंचा मुद्दा पटला. त्यात एक भर घालतो, स्विचिंगबद्दल. यू-टर्न, व्होल्ट स्विच, फ्लिप टर्न या मूव्ह मारून लोक आत-बाहेर करतात, सगळा आधुनिक खेळ त्यावरच चालतो. शेडिंजावर यातली कुठलीही मारली की ती लागतच नाही, आणि लागली नाही म्हणजे मारणारा बाहेर जाऊ शकत नाही. तो तिथेच अडकतो आणि टर्न गेली. रॅपिड स्पिन पण नॉर्मल टाइपची, घोस्टला लागत नाही, म्हणजे तुम्ही टाकलेले रॉक स्पिनने उडवता येत नाहीत. हे फायदे कुठल्या स्टॅटमध्ये दिसत नाहीत.

तांबडी_माती
हे मात्र खरं. स्पिनचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण डीफॉगने उडवता येतात, आणि डीफॉगवाले जास्त.

सातवीतला_ढ
एक शंका. शेवटी समोर एकच उरला आणि त्याच्याकडे शेडिंजाला मारणारी मूव्ह नाही, तर नुसतं बसून राहायचं ना? त्याची पीपी (मूव्ह वापरायचा कोटा) संपेपर्यंत? मग आपण अमर!

पेन्सिल
पीपी संपली की तो स्ट्रगल करतो. स्ट्रगलला टाइप नाही, तो वंडर गार्डला जुमानत नाही. म्हणजे अमर शेडिंजा शेवटी स्ट्रगलने मरतो. मारत राहा, बसू नका. शॅडो स्नीक ४० पॉवरची का असेना, अटॅक बेस ९० आहे, पूर्ण ईव्ही (ट्रेनिंगचे पॉइंट) आणि अ‍ॅडमंट नेचर (अटॅक वाढवणारा स्वभाव) दिलं की लेव्हल १०० ला ३०६ होतो, अगदीच टाकाऊ नाही. डिफेन्स आणि एचपीमध्ये मात्र चुकूनही ईव्ही टाकू नका, हे लिहावं लागतं कारण मी टाकलेले बघितलेत.

निशाचर
एचपीमध्ये २५२ टाकले तर किती होतो?

पेन्सिल
१.

झणझणीत
:ड :ड

लाकडी_घोडा
मी डबल्स खेळतो, गेमवरचे. डायनामॅक्स केला (पोकेमॉन तात्पुरता राक्षसी मोठा केला) तर बाकीच्यांचा एचपी वाढतो, याचा १ चा १ च. आणि मॅक्स हेलस्टॉर्म शेडिंजाला नाही लागत पण शेजारच्याला लागला की गारा सुरू, टर्नच्या शेवटी हा गेला. डबल्समध्ये शेजारी मार खातो आणि मरतो हा.

हळदीचं_दूध
बरं चिंचगुळ, तुझ्या मूळ प्रश्नाकडे कोणी येणार असेल तर येते. ओव्हरयूज्डमध्येच खेळायचं असेल तर आयटमआधी सोबती ठरव. टापू फिनी बघ. आत आली की मिस्टी टेरेन पसरतो, पाच टर्न जमिनीवरच्या कोणालाही टॉक्सिक, बर्न, कन्फ्यूजन लागत नाही, आणि शेडिंजा तरंगताना दिसतो तरी खेळाच्या हिशोबात जमिनीवरच आहे. फिनीकडे डीफॉग आणि टॉन्ट पण. फायर आणि डार्क दोन्ही ती निम्म्यात झेलते. तांबडीदादांच्या यादीतला अर्धा भाग एका टापूने खोडला.

तांबडी_माती
हम्म. वाळू उरली.

कटिंग_चहा
वाळूला पेलिपर. आत आला की पाऊस, वाळू गेली, वर फायर मूव्ह निम्म्या. डीफॉग त्यालाही येतो.

पेन्सिल
पावसात समोरच्याचा हरिकेन (फ्लाइंग मूव्ह) चुकत नाही हे विसरलात. टोर्नेडस आला की पेलिपरने शेडिंजाची कबर खणून दिली. पेलिपर नको, फिनी ठेवा, वाळूवाला दिसला तर शेडिंजा बाहेर काढू नका म्हणजे झालं.

सातवीतला_ढ
आपला पण टायरानिटार ठेवला तर? यव्हेल्टल वगैरेंना तो भारी पडतो ना?

तांबडी_माती
बाळा, आपला टायरानिटार आत आला की वाळू कोणाची उडते?

सातवीतला_ढ
अरे हो

लाकडी_घोडा
अवांतर: नवव्या पिढीत शेडिंजा ठेवलाच नाही त्यांनी, स्कार्लेट-व्हायलेटमध्ये गैरहजर. त्या गेममधल्या टेराने टाइप बदलून इलेक्ट्रिक करून हातात एअर बलून दिला असता तर? इलेक्ट्रिकला एकटी ग्राउंड लागते आणि बलूनमुळे ग्राउंड लागत नाही, आणि कुठलाच फटका लागत नाही म्हणून बलून फुटत पण नाही. मग टॉक्सिक, वाळू, स्टेल्थ रॉक असलेच उपाय. गेम फ्रीकने बरोबर केलं.

झणझणीत
हॅकमन्समध्ये (शोडाउनवरचा एक प्रकार) याहून वाईट बघितलंय, तिथे कोणालाही कुठलीही अ‍ॅबिलिटी देता येते तर लोक शेडिंजाला स्टर्डी देतात. फुल्ल एचपीवर असताना एका फटक्यात मरत नाही, आणि हा कायम फुल्लच, मग पाचही टाइप फुकट. पाच हिट मारणारी मूव्ह पण हात टेकते.

चिंचगुळ
सगळ्यांचं वाचून टीम बदलली. शेडिंजा बूट्ससकट, शॅडो स्नीक, एक्स-सिझर, विल-ओ-विस्प, प्रोटेक्ट. सोबत टापू फिनी डीफॉगवाली, हीट्रान आगीसाठी, कॉर्व्हिनाइट, लँडोरस रॉक टाकायला आणि टोर्नेडसला धरायला झेराओरा. बिनपगारी आणि तांबडीदादा, फाडा.

बिनपगारी
वाळूवाल्या टीमसमोर हरशील, बाकी ठीक. प्रोटेक्ट कशाला? वाळूत प्रोटेक्ट केलास तरी वाळू लागतेच.

चिंचगुळ
प्रोटेक्ट फक्त बघायला, समोरचा कुठली मूव्ह निवडतो ते. कॉर्व्हिनाइटसारख्यांचं कळत नाही ना, कोणाकडे ब्रेव्ह बर्ड असतो आणि कोणाकडे नुसता बॉडी प्रेस. बॉडी प्रेसवाला असला तर त्याच्यासमोर मी दिवसभर बसू शकतो.

तांबडी_माती
हे बरोबर आहे. उलट रोटॉम-वॉशसमोर मात्र बसू नकोस, हायड्रो पंप आणि व्होल्ट स्विच बघून वाटतं की काही करू शकत नाही, आणि चौथी मूव्ह विल-ओ-विस्प निघते. मिस्टी टेरेनच्या किती टर्न उरल्यात ते मोजून मगच पाठव. मी अजूनही म्हणेन की त्या जागी वीव्हाइल ठेवलास तर जास्त जिंकशील.

चिंचगुळ
जास्त जिंकेन, पण मग वीव्हाइलवर धागा काढून इतक्या प्रतिक्रिया आल्या असत्या का :)

आजोळ
मुलाने नवीन निंकाडा पकडला आहे, या वेळी पार्टीत जागा मोकळी ठेवली आहे. पण पोके बॉल विकत घ्यायला गेममधले पैसे संपलेत म्हणे. ग्रेट बॉल चालतो का?

कटिंग_चहा
ताई, साधाच लागतो, ग्रेट बॉल शिल्लक असून उपयोग नाही. एक-दोन ट्रेनर हरवायला सांगा, पैसे येतील, आणि तोवर निंकाडाला २० च्या खालीच ठेवा. चुकून लेव्हल गाठलीच तर इव्हॉल्व होताना बी दाबायचं, तो थांबतो.